पालीचा तिठा आणि साम्राज्यांची चढाओढ

रत्नागिरीहून सह्याद्रीकडे निघालेला रस्ता हातखंबा मागें टाकून पालीस पोंचतो आणि तेथें त्याला फांटे फुटतात. एक वाट नाणीज व साखरपा करीत आंबा घाट चढते आणि मलकापुरावरून कोल्हापुरास जाते. दुसरी लांजें, राजापूर करीत दक्षिणेस गोमंतकाची दिशा धरते. आणि जिच्यावरून प्रवासी पालीस आला, ती वाट मागें हातखंब्यास दुभंगून एका अंगानें रत्नागिरीच्या बंदराकडे व दुसऱ्या अंगानें मुंबईकडे जाते. समुद्रापासून वीसेक किलोमीटर आंत असलेलें हें कोकणांतलें साधें गांव. पण येथील तिठ्यावर क्षणभर थांबून चारी दिशांचा विचार केला, तर हिंदुस्थानच्या इतिहासांतील एक मोठें कोडें नकाशासारखें डोळ्यांपुढें उलगडूं लागतें.

आजचे डांबरी रस्ते अलीकडचे. दिशा मात्र जुन्या आहेत. सतराव्या व अठराव्या शतकांत या चार दिशांना चार निरनिराळ्या सत्ता बसल्या होत्या. उत्तरेस मुंबईला इंग्रज, दक्षिणेस गोव्याला पोर्तुगीज व त्यांच्यावर पाळत ठेवून वेंगुर्ल्यास डच, पूर्वेस घाटावर आधीं आदिलशाही व मग मराठे, आणि पश्चिमेस समुद्र. हा समुद्र कोणा एकाचा नव्हता, आणि म्हणूनच तो सर्वांना हवा होता. पुढें सांगावयाच्या लढायांपैकीं एकही पालीस झालेली नाहीं. परंतु त्यांतील पुष्कळ लढायांचें कारण पालीसारख्या ठिकाणीं उभें राहिल्यावांचून नीट ध्यानांत येत नाहीं. तें कारण असें, कीं घाटावरचा माल आणि बंदरांतलें जहाज यांची गांठ जो घालून देतो, त्याच्या हातीं राज्यांच्या किल्ल्या येतात.

कोकणची जमीन ही सह्याद्री आणि सागर यांच्या मधली अरुंद पट्टी आहे. तींत मोठीं मैदानें नाहींत, मोठ्या फौजा पोसण्याइतकें धान्य नाहीं. पण थोड्या थोड्या अंतरावर खाड्या आहेत. वाशिष्ठीच्या मुखाशीं दाभोळ, काजळीच्या मुखाशीं रत्नागिरी, अर्जुनेच्या खाडीवर आंत राजापूर व मुखाशीं जैतापूर, वाघोटनाच्या मुखाशीं विजयदुर्ग. देशावरचें कापड आणि मलबाराकडची मिरी यांचा व्यापार या बंदरांतून चाले. बैलांचे तांडे घाट उतरून खाडीच्या टोंकाशीं येत आणि पुढचा प्रवास गलबतांतून होई. जून ते सप्टेंबर हे चार महिने पावसाळी वाऱ्यामुळें समुद्र बंद. जहाजांना त्या काळांत निवाऱ्याचें बंदर मिळालें तर ठीक, नाहीं तर दूर निघून जावें लागे. ही शेवटची गोष्ट श्रोत्यांनीं लक्षांत ठेवावी. पुढें तिच्यावरच फार मोठा निकाल लागणार आहे.

इ. स. १४९८ मध्यें वास्को द गामा कालिकतास उतरला. त्याच्यापूर्वीं अरब, गुजराथी, मलबारी अशा अनेक लोकांचीं जहाजें या समुद्रांत फिरत होतीं. परंतु समुद्र ही कोणाची मालमत्ता आहे, असें कोणी मानीत नसे. पोर्तुगीजांनीं ती कल्पना तोफांसह आणली. १५०८ च्या अखेरीस त्यांच्या आल्मेदा नांवाच्या व्हाइसरॉयनें दाभोळ जाळलें, १५०९ च्या फेब्रुवारींत दीवजवळ गुजराथ व मिसर यांचें संयुक्त आरमार मोडलें, आणि १५१० मध्यें आल्बुकर्कनें गोवें घेतलें. त्यानंतर प्रत्येक व्यापारी जहाजास पोर्तुगीजांचा परवाना घ्यावा लागे. त्यास 'कार्ताझ' म्हणत. परवाना नसेल तर जहाज जप्त. पोर्तुगीजांना विस्तीर्ण जमिनीचा लोभ नव्हता, आणि तेवढें मनुष्यबळही त्यांच्यापाशीं नव्हतें. मोक्याचीं बंदरें धरून समुद्रावर जकात बसवावयाची, एवढाच त्यांच्या साम्राज्याचा सांगाडा होता. देशावरच्या सुलतानांना या अपमानाची फारशी तमा वाटली नाहीं. त्यांचा महसूल जमिनीचा होता, त्यांचीं युद्धें घोडदळाचीं होतीं. समुद्रावर कोण जकात घेतो, हा त्यांच्या दृष्टीनें व्यापाऱ्यांचा प्रश्न होता. पहिली चूक ती येथें झाली.

समुद्र मालकीचा होऊं शकतो हें एकदां सिद्ध झाल्यावर त्याला दुसरे दावेदार निघणें क्रमप्राप्तच होतें. इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीस १६०० च्या ३१ डिसेंबर रोजीं सनद मिळाली. डचांची कंपनी १६०२ मध्यें निघाली. त्या काळीं पोर्तुगालचें राज्य स्पेनच्या राजाकडे होतें, आणि स्पेनशीं डचांचें स्वातंत्र्ययुद्ध चालू होतें. तेव्हां युरोपांतलें भांडण हिंदी महासागरांत येऊन पोंचलें. १६१२ मध्यें सुरतेजवळ सुवाळीच्या समुद्रांत इंग्रजांनीं पोर्तुगीजांना हटविलें. डचांनीं १६३७ मध्यें वेंगुर्ल्यास वखार घातली. तेथून गोव्यावर नजर ठेवतां येई, गोव्याच्या बंदराची कोंडी करणाऱ्या आपल्या आरमारास रसद पोंचवितां येई. पुढें डचांनीं १६४१ मध्यें मलाक्का, १६५६ मध्यें कोलंबो आणि १६६३ मध्यें कोची हीं पोर्तुगीजांचीं ठाणीं घेतलीं. अर्ध्या शतकांत पोर्तुगीजांचा समुद्रावरचा मक्ता संपला. गोवें व उत्तर कोकणांतील वसईसारखीं थोडीं ठाणीं मात्र उरलीं.

इंग्रजांनीं राजापुरास वखार घातली ती १६४९ मध्यें. आदिलशाही मुलखांतली मिरी व कापड तेथें मिळत असे. या वखारीचा इतिहास लहान आहे, पण फार बोधप्रद आहे. १६६० मध्यें सिद्दी जौहरानें पन्हाळगडास वेढा घातला, तेव्हां राजापूरच्या वखारीचा मुख्य हेन्री रेव्हिंग्टन लांब पल्ल्याचे तोफगोळे घेऊन वेढ्यांत गेला आणि त्यानें इंग्रजी निशाण लावून गडावर मारा केला. व्यापारी म्हणून राहावयाचें आणि संधि मिळतांच एका राजाला दुसऱ्याविरुद्ध तोफा विकावयाच्या, हा पुढें शंभर वर्षें चाललेला खेळ येथें प्रथमच उघडा पडला. शिवाजी महाराज १३ जुलै १६६० रोजीं पन्हाळ्याहून निसटून विशाळगडास गेले. तो गड आंबा घाटाच्याच परिसरांत आहे. घाट उतरून येणारी वाट पुढें पालीस मिळते. १६६१ मध्यें महाराजांनीं राजापुरावर चाल केली, वखार लुटली आणि रेव्हिंग्टनसह इंग्रजांना कैद केलें. सुमारें दोन वर्षें ते कैदेंत होते.

महाराजांनीं या प्रसंगाचा अर्थ नेमका ओळखला. टोपीकरांना शिक्षा करणें सोपें आहे, पण त्यांच्यावांचून भागविणें सोपें नाहीं. आणि त्यांना समुद्रावर प्रतिस्पर्धी नसेल, तर शिक्षेचाही उपयोग नाहीं. १६६४ मध्यें त्यांनीं मालवणच्या समुद्रांत सिंधुदुर्गाची पायाभरणी केली आणि आरमार वाढविलें. त्याच सुमारास किनाऱ्यावरचे डाव बदलत होते. १६६१ च्या विवाहकरारानें मुंबई इंग्लंडच्या राजास आंदण मिळाली, १६६५ मध्यें ती प्रत्यक्ष ताब्यांत आली, आणि १६६८ मध्यें राजानें ती वर्षाला दहा पौंड खंडानें कंपनीस देऊन टाकली. फ्रेंचांची कंपनी १६६४ मध्यें निघाली आणि तिनेंही राजापुरास वखार घातली. १६७४ मध्यें राज्याभिषेकप्रसंगीं हेन्री ऑक्झिंडन रायगडावर नजराणा घेऊन आला, त्या वेळच्या तहाच्या बोलण्यांत राजापूरच्या लुटीची भरपाई हा एक विषय होता. १६७७ मध्यें कर्नाटकाच्या स्वारींत महाराजांनीं पांदेचरीच्या फ्रेंचांना अभय दिलें. एकाला धाक, दुसऱ्याला आसरा, तिसऱ्याशीं तह, असा हा तोल होता. परक्यांमधील चढाओढ ही आपली ढाल करतां येते, हें या धोरणाचें सूत्र होय. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत १७१५ च्या सुमारास हाच विचार स्पष्ट लिहून ठेवलेला आढळतो. टोपीकर हे इतर सावकारांसारखे नसून त्यांच्या मागें राजे उभे आहेत. त्यांना समुद्राकांठीं पक्कें बांधकाम करूं देऊं नये, हा त्यांतील इशारा आहे.

हा इशारा कृतींत आणणारा पुरुष म्हणजे कान्होजी आंगरे. १७१३ मध्यें बाळाजी विश्वनाथाच्या मध्यस्थीनें ते शाहू छत्रपतींच्या बाजूस आले आणि मराठी राज्याचे सरखेल म्हणून कोकण किनाऱ्याचे धनी झाले. आपल्या समुद्रांतून जाणाऱ्या जहाजांनीं आपला दस्तक घ्यावा, असा त्यांचा आग्रह होता. पोर्तुगीजांनीं दोनशें वर्षें जें केलें, तेंच किनाऱ्याचा खरा धनी करूं लागतांच युरोपियनांनीं त्यास चांचेगिरी म्हटलें! आंगऱ्यांची नावें युरोपीय जहाजांच्या मानानें लहान असत. गुराब ही दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, दीडशें ते तीनशें टनांची. गलबत त्याहून लहान, सत्तर टनांपर्यंतचें, चाळीस पन्नास वल्ह्यांनीं चालणारें. वारा पडला म्हणजे इंग्रजांचें मोठें जहाज जागच्या जागीं डोलत राही, आणि वल्ह्यांचीं गलबतें गुराबांना ओढून त्याच्या पिछाडीस आणून लावीत. जहाजाच्या मुख्य तोफा दोन्ही बगलांना असत, त्यामुळें पिछाडीवर बसलेल्या शत्रूस उत्तर देणें कठीण जाई. आणि मोठें आरमार चालून आलेंच, तर हीं नावें उथळ खाडींत शिरून किल्ल्याच्या तोफांच्या आश्रयास जात.

या पद्धतीपुढें तीन साम्राज्यांनीं हात टेकले. १७१७ मध्यें इंग्रज विजयदुर्गावर आले आणि परतले; १७१८ मध्यें खांदेरीवर आले आणि परतले. १७२१ मध्यें इंग्रज व पोर्तुगीज एकत्र होऊन कुलाब्यावर चालून गेले. १७२४ मध्यें डचांनीं विजयदुर्गावर आरमार पाठविलें. तेंही निष्फळ ठरलें. यांतील १७२१ चा प्रसंग विशेष मननीय आहे. त्या वेळीं कुलाब्याच्या रक्षणासाठीं पेशवे बाजीरावांची फौज घाटावरून धांवून आली. समोर समुद्रावरचा किल्ला आणि पाठीशीं जमिनीवरचें घोडदळ, अशा कात्रींत सांपडल्यावर पोर्तुगीजांनीं निराळा तह केला आणि इंग्रज एकटे पडले. घाट आणि बंदर एका मनानें वागले, कीं काय घडतें, याचें हें उदाहरण. १७३९ मध्यें चिमाजी अप्पांनीं वसई घेतली, तेव्हां उत्तर कोकणांतली पोर्तुगीज सत्ता जवळजवळ संपलीच.

कान्होजी १७२९ मध्यें वारले आणि त्यांच्या पश्चात् आंगरे घराणें दुभंगलें. कुलाब्यास मानाजी, विजयदुर्गास आधीं संभाजी व नंतर तुळाजी, अशी विभागणी झाली. तुळाजी हा शूर दर्यावर्दी, परंतु पेशव्यांची सत्ता न मानणारा. छत्रपतींच्या दरबारांतील तंट्यांत तो पेशव्यांच्या विरोधकांकडे असे आणि कोकणांतल्या मराठी सरदारांच्याच मुलखास उपद्रव देई. नानासाहेब पेशव्यांनीं त्याचा बंदोबस्त करावयाचें ठरविलें, तें वावगें म्हणतां येत नाहीं. कोणतेंही राज्य आपल्याच आरमाराच्या सेनापतीची बंडाळी चालूं देणार नाहीं. प्रश्न उरतो तो साधनाचा. हें काम कोणाच्या हातून करून घ्यावयाचें?

येथें किनाऱ्यावरून दृष्टि काढून जगाकडे वळविली पाहिजे. १७४६ मध्यें फ्रेंचांनीं इंग्रजांचें मद्रास जिंकलें होतें. १७४८ च्या तहानें तें परत मिळालें. त्याच्या बदल्यांत इंग्रजांनीं उत्तर अमेरिकेंतील लुईबूर्ग हा किल्ला फ्रेंचांना परत केला. म्हणजे कॅनडाच्या किनाऱ्यावरचा दगडी कोट आणि कोरोमांडलच्या किनाऱ्यावरचें शहर हीं एकाच तराजूच्या दोन पारड्यांत होतीं! या दोन राष्ट्रांचा पट पृथ्वीएवढा होता, आणि हिंदी राजे त्यावरील आपल्यासमोरचें एकच घर पाहात होते. दुप्लेक्सच्या धोरणानें फ्रेंचांचा सरदार बुसी हा १७५१ पासून निजामाच्या दरबारीं प्रबळ होऊन बसला. त्याला हुसकण्यासाठीं मराठ्यांच्या साहाय्यानें मुंबईकडून दख्खनवर चाल करावी, असा बेत इंग्लंडांत ठरला. त्यासाठीं क्लाइव्हची पलटण आणि वॉटसनचें राजाचें आरमार मुंबईस आलें. पण तोंवर दुप्लेक्सला परत बोलावून फ्रेंचांनीं मद्रासकरांशीं तात्पुरता तह केला होता. फ्रेंचांवर हत्यार उचलतां येईना. सैन्य तयार, जहाजें तयार, आणि शत्रु नाहीं, अशी विचित्र स्थिति झाली.

तो शत्रु पेशव्यांनीं पुरविला. १७५५ च्या आरंभीं मुंबईकरांशीं पेशव्यांचा करार झालेलाच होता, आणि त्या एप्रिलांत कमोडोर जेम्सनें सुवर्णदुर्ग घेतला. १७५६ च्या फेब्रुवारींत वॉटसन व क्लाइव्ह विजयदुर्गापुढें येऊन ठाकले. जमिनीवरून पेशव्यांचें सैन्य चालून आलें होतें. तुळाजी बोलणीं करण्यासाठीं त्याच्या छावणींत गेला आणि तेथेंच अडकला. किल्ल्याखालीं नांगरलेल्या आंगऱ्यांच्या आरमारास तोफांच्या माऱ्यानें आग लागली आणि पन्नास वर्षांची दर्यावर्दी सत्ता एका दुपारांत जळून गेली. किल्ला पडतांच इंग्रजांनीं घाईनें आंत शिरून निशाण लावलें. सांपडलेली सुमारें दहा लाख रुपयांची लूट त्यांनीं आपसांत वांटून घेतली आणि कराराप्रमाणें किल्ला पेशव्यांना देण्याचें महिने न् महिने टाळलें.

अखेर १७५६ च्या ऑक्टोबरांत पुण्यास तह होऊन विजयदुर्ग पेशव्यांना मिळाला. बदल्यांत इंग्रजांना बाणकोट व त्याभोंवतींचीं कांहीं गांवें मिळालीं. या तहांत आणखी एक कलम होतें, तें असें, कीं डचांना मराठी मुलखांत व्यापार करूं देऊं नये. विजयदुर्गाच्या भांडणाशीं डचांचा कांहींएक संबंध नव्हता. पण इंग्रजांनीं एका दगडांत दोन पक्षी मारले: समुद्रावरचा हिंदी प्रतिस्पर्धी तोफांनीं नाहींसा केला आणि युरोपीय प्रतिस्पर्धी कागदानें.

आतां कालक्रम पाहावा. फेब्रुवारी १७५६ मध्यें विजयदुर्ग पडला. जूनमध्यें सिराजउद्दौल्यानें कलकत्ता घेतलें. तेंच वॉटसनचें आरमार आणि तोच क्लाइव्ह मद्रासहून ऑक्टोबरांत निघून बंगालकडे गेले. २ जानेवारी १७५७ रोजीं कलकत्ता परत घेतलें, मार्चमध्यें फ्रेंचांचें चंद्रनगर घेतलें, आणि २३ जून रोजीं प्लासीची लढाई झाली. विजयदुर्ग ते प्लासी हें अंतर अवघ्या सोळा महिन्यांचें आहे. विजयदुर्ग पडला नसता तर प्लासी झाली नसती, असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल; बंगालचा नबाब आपल्याच शेठसरदारांच्या कटानें पडला. परंतु एक गोष्ट निर्विवाद आहे. एकच सैन्य समुद्रावाटे पश्चिम किनाऱ्यावरून पूर्व किनाऱ्यास आणि तेथून बंगालला एका वर्षांत नेतां येतें, हें सामर्थ्य त्या वेळीं हिंदुस्थानांतील एकाही राजाजवळ नव्हतें. मराठ्यांचें घोडदळ अटकेपर्यंत गेलें. पण त्याला वाटेंतल्या प्रत्येक कोसाची किंमत चारा, धान्य व पैसा यांत मोजावी लागे. जहाजाला वारा फुकट मिळतो.

१७६१ चा जानेवारी हा या कथेंतील अत्यंत दारुण महिना होय. १४ तारखेस पानिपतावर मराठ्यांची एक पिढी कापली गेली. त्याच सुमारास, दोनच दिवसांच्या आंत, सहस्रावधि मैल दूर पांदेचरी इंग्रजांच्या स्वाधीन झाली. हिंदुस्थानच्या साम्राज्याचे दोन प्रबळ उमेदवार, एक देशी व एक परदेशी, एकाच आठवड्यांत जायबंदी झाले. आणि ज्याचें कांहींच गेलें नव्हतें, असा एकच उरला. १७६३ च्या पॅरिसच्या तहानें फ्रेंचांना पांदेचरी परत मिळाली खरी, पण साम्राज्याची आशा उरली नाहीं.

फ्रेंच हरले कां, हा प्रश्न साहजिक आहे. त्यांच्यांत शौर्य कमी नव्हतें, आणि त्यांच्या सेनापतींची बुद्धिही कमी नव्हती. सुफ्राँ या त्यांच्या नाविक सेनापतीनें १७८२-८३ मध्यें इंग्रज आरमाराशीं लागोपाठ दिलेल्या झुंजी आजही नाविक विद्येंत अभ्यासिल्या जातात. परंतु आरंभीं सांगितलेली पावसाळ्याची गोष्ट येथें आड आली. इंग्रजांना मुंबईचें खोल व सुरक्षित बंदर होतें. तेथें १७५० पर्यंत सुकी गोदी तयार झाली होती आणि लवजी वाडियासारखे कुशल जहाजबांधणीकार कामास होते. फुटलेलें जहाज तेथेंच दुरुस्त होई. फ्रेंचांना हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर असें एकही बंदर नव्हतें. त्यांच्या आरमारास दुरुस्तीसाठीं मॉरिशस गांठावें लागे. जहाज जाऊन येईतों मोहिमेचा हंगाम निघून जाई. शिवाय १७६५ मध्यें बंगालची दिवाणी मिळाल्यावर इंग्रजांच्या युद्धांचा खर्च हिंदुस्थानचा शेतकरीच भरूं लागला. फ्रेंचांना तो मायदेशाहून आणावा लागे, आणि मायदेशची तिजोरी रिकामी होती.

पुण्याच्या दरबारास हें सर्व दिसत नव्हतें, असें नाहीं. १७७७ मध्यें सेंट ल्युबीन नांवाचा फ्रेंच वकील चौलास उतरून पुण्यास आला, तेव्हां नाना फडणिसांनीं त्याचा मोठा सत्कार केला. फ्रेंच फौज खरोखर येईल, यापेक्षां ती येईल या भीतीनें मुंबईकर नरमतील, असा त्यांचा हिशेब असावा. झालें उलट; भीतीनें मुंबईकर अधिकच उतावळे झाले आणि १७७९ च्या जानेवारींत वडगांवास नामुष्कीनें शरण आले. तरीही १७८२ च्या सालबाईच्या तहांत इंग्रजांनीं आपलें जुनें कलम पुन्हां घातलेंच: पोर्तुगीजांखेरीज इतर युरोपीय राष्ट्रांना पेशव्यांनीं आपल्या मुलखांत वखारी घालूं देऊं नयेत. १८०२ च्या वसईच्या तहांत त्याहून पुढें जाऊन इंग्रजांशीं युद्ध करणाऱ्या राष्ट्रांतील कोणीही युरोपियन नोकरीस ठेवूं नये, असें बाजीरावाकडून लिहून घेतलें. १७५६, १७८२ आणि १८०२ हे तीन तह एकापुढें एक ठेवून वाचले, म्हणजे एकच सूत्र दिसतें. जमीन मागण्यापूर्वीं इंग्रज दुसरा गिऱ्हाईक दुकानांतून बाहेर काढीत. विकणाऱ्यापुढें घेणारा एकच उरला, म्हणजे भाव त्याचाच.

मराठी आरमार विजयदुर्गास अगदींच संपलें नव्हतें, हेंही सांगितलें पाहिजे. पेशव्यांनीं तेथें धुळपांच्या हाताखालीं आरमार उभें केलें, आणि १७८३ मध्यें आनंदराव धुळपांनीं इंग्रजांचें 'रेंजर' हें जहाज लढून जिंकलें. परंतु राज्याचें मन घाटावर होतें. उत्तरेच्या मोहिमांना लागलेल्या पैशांतला अल्पांशही गोदी, तोफशाळा व नाविक शिक्षण यांस मिळाला नाहीं. १७२१ मध्यें घाट बंदराच्या मदतीस आला होता. १७५६ मध्यें तो बंदराच्या विरुद्ध उभा राहिला. त्यानंतर त्या दोहोंची खरी गांठ पुन्हां पडलीच नाहीं. नानासाहेबांचा हेतु राज्य एकसूत्री करण्याचा होता, हें मान्य करूनही म्हणावें लागतें, कीं घरांतला तंटा मिटविण्यास त्यांनीं जो शेजारी बोलाविला, त्याला घराचीच जागा हवी होती.

१८१८ मध्यें पेशवाई बुडाली आणि रत्नागिरीचा मुलूख इंग्रजांकडे गेला. दक्षिण कोकणच्या नव्या जिल्ह्याचें पहिलें ठाणें कोठें होतें? बाणकोटास, विजयदुर्गाच्या मोबदल्यांत मिळालेल्या त्याच बाणकोटास. १८२२ मध्यें तें रत्नागिरीस हलविलें. बासष्ट वर्षांपूर्वीं एका तहाच्या कलमांत मिळालेलें लहानसें बंदर राज्याचा उंबरठा ठरलें.

या चढाओढीचा एक उशिराचा अवशेष रत्नागिरींत आजही उभा आहे. १८८५ च्या आरंभीं ब्रह्मदेशचा राजा थिबा यानें फ्रेंचांशीं तह केला. हिंदुस्थानाबाहेर का होईना, फ्रेंच पुन्हां आपल्या सरहद्दीशीं येणार, ही शंका इंग्रजांना पुरेशी झाली. नोव्हेंबरांत युद्ध झालें, राजा कैद झाला, आणि १८८६ मध्यें त्याला रत्नागिरीस आणून ठेवलें. १९१० मध्यें बांधून झालेल्या राजवाड्यांतून समुद्र पाहात तो राहिला व १९१६ मध्यें तेथेंच वारला. दोन साम्राज्यांच्या मत्सरांत तिसऱ्याचें राज्य कसें जातें, याचें स्मारक म्हणून थिबा राजवाड्याकडे पाहावें. सर्वांत आधीं आलेले पोर्तुगीज मात्र सर्वांत शेवटीं गेले. गोवें १९६१ च्या डिसेंबरांत मुक्त झालें, म्हणजे साडेचारशें वर्षांनीं.

पालीच्या तिठ्यावरून आज कोल्हापूरचा माल बंदराकडे व मुंबईची वाहतूक गोव्याकडे चालली आहे. वाहनांतल्या माणसास घाट दिसतो, समुद्र दिसत नाहीं. तो वीस किलोमीटरवर, डोंगरांच्या आड आहे. मराठी राज्यकर्त्यांच्या कित्येक पिढ्यांची स्थिति अशीच होती. समुद्र त्यांच्यापासून लांब नव्हता. फक्त जेथें ते उभे होते, तेथून तो नजरेस पडत नव्हता. ज्या थोड्यांनीं टेकडी चढून तो पाहिला, त्यांच्या हयातींत परक्यांचीं आरमारें हात हालवीत परत गेलीं.